रेझिनचं कॉकपिट घातलं की धड मिटत नाही: कुठे अडतंय ते कसं शोधायचं

प्लास्टिकच्या मॉडेल विमानाचं नुसतं किट (जोडायच्या सुट्या भागांचा संच) असताना धडाचे दोन्ही अर्धे टकाटक बसतात. वेगळा आणलेला रेझिनचा (साच्यात ओतलेल्या किंवा प्रिंट केलेल्या राळेचा) जास्त बारकाईचा कॉकपिट सेट आत ठेवला की पाठीवर नखभर फट. दाबलं तर मिटते, सोडलं की परत उघडते. हा घोळ मी इतक्या विमानांवर निस्तरलाय की आता नवा सेट उघडला की सीट बघायच्या आधी कानस कुठे ठेवलीय ते बघतो.

फट नेमकी कुठे आहे यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं. म्हणून आधी लक्षणं.

लक्षणं

पाठीवर फट आणि पोटाची सांध मिटलेली असेल तर कॉकपिट वरच्या कडेला रुंद पडतंय. साईडवॉल (कॉकपिटची बाजूची भिंत) किंवा इन्स्ट्रुमेंट पॅनेल (घड्याळांची पाटी) अडत असतं.

पोटाखाली फट आणि पाठ मिटलेली असेल तर टबचा (कॉकपिटच्या टोपलीसारख्या मुख्य भागाचा) तळ किंवा नाकाच्या चाकाचं घर अडतंय.

नाक मिटलंय पण शेपटाकडे धड कात्रीसारखं उघडं राहतंय: सीटमागची भिंत किंवा तिच्या मागचं खोकं.

धड मिटलं, पण पंखांचा खालचा एकसंध भाग वर चढत नाही, मुळाशी फट राहते किंवा पंखांची टोकं खाली झुकतात: टब खोल पडतोय आणि पंखाच्या मधल्या पाटावर टेकतोय.

धड मिटलं, पंखही बसले, पण पुढची काच दोन्ही बाजूंनी केसभर अरुंद. हे सगळ्यात फसवं लक्षण, कारण फट कुठेच दिसत नाही. आतून ताण येऊन धडच फुगलेलं असतं. काच अरुंद नसून पुढून उचलली जात असेल, तर मात्र कोमिंग (पॅनेलवरचं छज्जासारखं झाकण) उंच आहे.

शेवटचं लक्षण उशिरा दिसतं. रंग, डिकल (चिकटवायची चिन्हं), वॉर्निश सगळं होऊन विमान कपाटात गेलं आणि दोन महिन्यांनी कण्यावर केसासारखी रेघ उमटली. माझ्या १/४८ स्केलच्या (खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या) मिग-२१ या लढाऊ विमानाचं हेच झालं. आधी वाटलं धूळ बसलीय, म्हणून ब्रशने झटकली. रेघ हलली नाही. नखाने चाचपली तर रंग दोन्हीकडे किंचित उचललेला होता. धड मी क्लॅम्प लावून मिटवलं होतं. सांधा धरून होता, पण आतला टब रोज थोडा थोडा बाहेर रेटत होता.

तेव्हा पहिला नियम हा: क्लॅम्प लावून फट मिटवायची नाही. क्लॅम्पने फट जात नाही, नुसती पुढे ढकलली जाते, आणि ती परत उघडते तेव्हा वर रंग चढलेला असतो.

१. सेट बाजूला ठेवा, नुसतं किट मिटवून बघा

फुकटचं काम आहे आणि हेच लोक टाळतात. दोन्ही अर्धे स्प्रूवरून (भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) काढा, तुटल्या जागी राहिलेले खुंट साफ करा, मास्किंग टेपच्या तीन-चार पट्ट्या लावून धड रिकामंच मिटवा. तेव्हाही फट असेल तर रेझिनचा काही संबंध नाही. जुळणीच्या खुंट्या जाड असतील, कडेला प्लास्टिकची झालर असेल, नाहीतर इजेक्टर पिनचा (भाग साच्यातून ढकलून काढणाऱ्या खिळीचा) उंचवटा आत आडवा येत असेल. खुंट्यांबद्दल शंका आली तर सरळ उडवून टाका. सांधा डोळ्याने आणि बोटाने जुळवता येतो, खुंट्यांवाचून काही अडत नाही.

ही पायरी गाळली तर किटचा दोष रेझिनच्या माथी मारून तुम्ही चांगला टब घासत बसता.

२. सेट याच किटचा आणि याच उपप्रकाराचा आहे ना?

पाकिटावर विमानाचं नाव मोठं असतं आणि सेट कुठल्या कंपनीच्या किटसाठी आहे ते बारीक अक्षरात. विमान तेच, स्केल तेच, म्हणून सेट चालेल हे गृहीत धरू नका. बाहेरचा आकार दोन किटमध्ये सारखा असला तरी भिंतीची आतली जाडी, चाकाच्या घराचं छत, पंखाच्या पाटाची उंची हे सगळं वेगळं असतं. रेझिनवाला टब घडवतो तो त्या एका किटच्या पोटात.

उपप्रकाराचंही तसंच. मिग-२१च्या पीएफ या उपप्रकारात पुढची काच आणि कॅनपी (वैमानिकावरचं काचेचं झाकण) एकसंध, आणि ती पुढच्या बिजागरीवर उघडते. त्यानंतरच्या पीएफएमपासून पुढची काच वेगळी झाली, कॅनपी उजवीकडे उघडायला लागली आणि सीटही बदलली. पीएफएमचा टब पीएफच्या किटमध्ये कोंबला तर कॅनपीच्या कडेशी काहीच जुळत नाही, आणि कितीही घासलं तरी जुळणार नाही. सेट चुकीचा निघाला तर इथेच थांबा. अजून काहीही कापलेलं नाही, सेट परत करता येतो किंवा कुणाशी बदलता येतो.

३. ओतीव ठोकळा पूर्ण निघालाय का?

माझ्या अनुभवात निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. रेझिन साच्यात ओततात तेव्हा भागाला तळाशी एक ठोकळा राहतो. सीटचा किंवा जॉयस्टिकचा ठोकळा ओळखायला सोपा. टबचा ठोकळा मात्र तळाशी इतका एकजीव झालेला असतो की तो टबचाच भाग वाटतो. तसाच राहिला की टब दोन-तीन मिमी खोल पडतो आणि पंख बसत नाहीत.

टब आडवा धरून बाजूने बघा. ठोकळा आणि तळ यांच्यामध्ये एक बारीक खाच किंवा पायरी असते, तीच कापायची रेषा. बारीक दाताच्या करवतीने चारही बाजूंनी थोडं थोडं कापत आत जा. एकाच बाजूने सरळ कापत गेलात तर करवत तिरकी जाते आणि टबचा एक कोपरा पातळ होतो. उरलेलं ओल्या सँडपेपरवर आठच्या आकड्यात फिरवून काढा.

नवे थ्रीडी प्रिंटचे सेट असतील तर ठोकळ्याच्या जागी बारीक आधारकाड्यांचं जंगल असतं. काड्या कापल्या तरी त्यांचे टोचरे राहतात. बोट फिरवलं की कळतं. तेवढे टोचरेसुद्धा अर्धा मिमी खातात.

याच पायरीला किटच्या आतलं काय काढायचं तेही तपासा. सूचनापत्रात कापायचा भाग रंगवून किंवा रेघा मारून दाखवलेला असतो. किटच्या भिंतीवर ओतलेली मूळची बटणं, टब टेकवायच्या पट्ट्या, पॅनेलचे खाचे. यातली एक पट्टी जरी राहिली तरी नवी साईडवॉल तिच्यावर चढते आणि तेवढी आत सरकते.

४. टब वाकडा आहे का?

काचेच्या तुकड्यावर टब ठेवा आणि कोपरा दाबा. डुगडुगला तर वाकडा. लांबट टब, विशेषतः दोन आसनी विमानांचे, केळ्यासारखे वाकलेले येतात. पॉलियुरेथेन रेझिन साठेक अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर ठेवलं की मऊ पडतं. चिमट्याने बाहेर काढा, काचेवर सपाट दाबून धरा, तसंच थंड पाण्यात बुडवा. एका फेरीत जमलं नाही तर परत. रंगकाम व्हायच्या आधीच हे करायचं, आणि धातूच्या एच केलेल्या (रसायनाने कोरलेल्या) पट्ट्या चिकटवण्याच्याही आधी.

प्रिंट केलेल्या रेझिनला मी हा उपाय करत नाही. ते ठिसूळ असतं, वाकण्याआधी तुटतं.

५. एकेक भाग घालत जा

हीच खरी तपासणी, आणि हिला फक्त टेप लागते. सगळं कॉकपिट जोडून मग धड मिटवून बघणं ही सवयीची चूक. अडलंय एवढंच त्यातून कळतं, कोण अडवतंय ते कळत नाही.

आधी नुसता टब घाला आणि धड मिटवा. मिटलं? आता डावी साईडवॉल ब्लू टॅकने (परत निघणाऱ्या चिकट लगद्याने) चिकटवून परत मिटवा. मग उजवी, मग इन्स्ट्रुमेंट पॅनेल, मग सीटमागची भिंत, शेवटी कोमिंग आणि त्यावर काच. ज्या भागाला फट उघडली तो दोषी. बहुतेक वेळा टब निर्दोष सुटतो आणि पॅनेल पकडलं जातं. पॅनेलच्या दोन्ही कडा साईडवॉलमध्ये अडकलेल्या असतात, आणि दोन्हीकडून पाव पाव मिमी घासलं की धड मिटतं. पॅनेलची कड कोमिंगच्या सावलीत जाते, तिथलं घासलेलं कुणाला दिसत नाही.

मिग-२१सारख्या विमानात आणखी दोन भाग या रांगेत घ्या: नाकाच्या चाकाचं घर आणि हवेचा मार्ग. त्या विमानात हवा नाकातून शिरते, वैमानिकाच्या दोन्ही बाजूंनी वाट काढत इंजिनकडे जाते आणि चाकाचं घरही टबला खेटूनच असतं. इतक्या अडचणीत कॉकपिटचा सेट आणि चाकाच्या घराचा सेट दोन वेगळ्या कंपन्यांचे घेतले, तर एकाचं छत दुसऱ्याच्या तळाला लागणारच. एफ-१६मध्ये हवेचा मार्ग खालून जातो, तिथेही आधी खालचे भाग घालून बघा.

६. जोडायच्या पृष्ठभागांवर रंग आहे का?

रंगवून झाल्यावर अडायला लागलं असेल तर हे बघा. प्रायमर, रंग, वॉर्निश असे थर टबच्या बाहेरच्या अंगाला आणि धडाच्या आतल्या अंगाला चढतात, आणि दोन्ही बाजूंचे धरले तर आधीच तंग असलेली जुळणी बिघडायला ते पुरतात. जिथे भाग एकमेकांना टेकतात तिथला रंग पातीने खरवडून काढा. सुपर ग्लूही रंगावर लावला तर सांधा रंगाच्या भरवशावर उभा राहतो.

७. अडणारी जागा शोधून पातळ करा

इथपर्यंत फट राहिली असेल तर आता प्लास्टिक काढायचंय. पण कुठलं, आणि का?

१/४८च्या किटच्या भिंतीची जाडी साधारण १.२ मिमी धरा. अठ्ठेचाळीस पटीने ती होते जवळजवळ ५८ मिमी. दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचा पत्रा बहुतेक ठिकाणी एक मिमीच्या आगेमागे होता. स्केलप्रमाणे तो ०.०२ मिमी हवा, आणि एवढी पातळ भिंत प्लास्टिकमध्ये ओतता येत नाही. म्हणजे किटवाल्याने भिंतीपायी कॉकपिटची जागा दोन्ही बाजूंनी खाल्लेली असते. रेझिनवाल्याला मात्र कॉकपिट खऱ्या मापाच्या जवळ न्यायचं असतं. हे भांडण अटळ आहे. त्यातून रेझिन घट्ट होताना किंचित आकसतं, त्यामुळे ‘टब मोठा ओतला गेलाय’ ही तक्रार क्वचितच खरी असते. जाड असते ती किटची भिंत, म्हणून पातळ करायची तीही किटचीच. रेझिनवरची बटणं आणि तारा यांच्यासाठीच तर सेट आणला, त्या कशाला घासायच्या?

अडणारी नेमकी जागा शोधायला टबच्या आणि साईडवॉलच्या बाहेरच्या अंगाला लिपस्टिक किंवा ओला ऑइल कलर अगदी पातळ पुसा. धड मिटवा, दाबा, उघडा. भिंतीवर आतून जिथे डाग उमटला तिथेच टेकतंय. डाग बहुधा दोन-तीनच असतात, आणि लहान. सगळी भिंत सरसकट घासायची गरज नसते हे त्या डागांवरूनच कळतं. घासलं की डाग पुसून परत चाचणी. पाच-सहा फेऱ्या होतात, कंटाळा येतो, पण यातली एकही वाचवता येत नाही.

गोल पात्याने खरवडणं हा माझा आवडता मार्ग. वेळ लागतो, पण हात सांगतो किती गेलं. मोटरचं टूल वापरायचं असेल तर सगळ्यात कमी वेग आणि गोल बिट. पॉलिस्टायरीन शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि वेगात फिरणारं बिट तेवढी उष्णता चुटकीसरशी आणतं. मग प्लास्टिक कापलं न जाता बिटला गुंडाळलं जातं आणि बाहेरच्या पॅनेल रेषा (पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या कोरीव रेघा) आतून वितळतात.

किती पातळ झालंय हे बघायला खोलीतला दिवा घालवा आणि धडाच्या आत छोटी टॉर्च धरा. राखाडी प्लास्टिक जाड असतं तिथे काळं दिसतं. जसजसं पातळ होतं तसतसा मळकट पिवळा उजेड झिरपतो, आणि तो कडक पिवळा झाला की थांबायचं. मी एकदा दहा सेकंद जास्त घासलं आणि कॅनपीच्या कडेखाली साबुदाण्याएवढं भोक पाडलं. बुजवलं, पण त्यावरची पॅनेल रेषा परत कोरायला आख्खी संध्याकाळ गेली. तेव्हापासून कॅनपीच्या कडेला दोन मिमीची पट्टी पेन्सिलने आखतो आणि तिच्याखालीच घासतो. कड पातळ केली तर बाहेरून छान दिसते, पण ते काम धड चिकटल्यावर करायचं.

भिंत संपली तर टबचा तळ. तोही उलटा करून उजेडासमोर धरत घासा. सीटच्या जागी भोक पडलं तरी बिघडत नाही, वर सीटच बसणार आहे.

घासणं शक्यतो ओलं. रेझिनची कोरडी धूळ फुफ्फुसांना वाईट असते. मोटरने घासताना ओलं जमत नाही, तेव्हा धूळ अडवणारा नीट बसणारा मास्क लावा. कापडाचा रुमाल चालणार नाही.

८. टब मधोमध चिरणं

शेवटचा आणि सगळ्यात अवघड उपाय. दोन्ही भिंती पातळ झाल्या, तरी टब अर्धा मिमी रुंदच आहे. तर टब लांबीच्या दिशेने मधोमध करवतीने चिरायचा. करवतीच्या पात्याच्या जाडीएवढं रेझिन तसंही जातं, उरलेलं कडा घासून काढायचं आणि दोन तुकडे परत जोडायचे. चिरेचा मोठा भाग सीटखाली जातो. पुढे पायांच्या जागी दिसेल तेवढी पुट्टीने बुजवता येते. सीटमागची भिंत आणि पॅनेल त्याच मापाने कमी करावं लागतं. मी हे आजवर दोनदा केलंय, दोन्ही वेळा नाइलाज म्हणून.

धडाच्या दोन अर्ध्यांमध्ये प्लास्टिकची पट्टी घालून धडच रुंद करायचा सल्लाही ऐकायला मिळतो. करू नका. काच, इंजिनचं झाकण, पंखाची मुळं, सगळंच मग जुळेनासं होतं.

चिकटवताना

प्लास्टिकचा सिमेंट (किट जोडायचा गोंद) रेझिनला धरत नाही. टबला पाच मिनिटांचं एपॉक्सी वापरा, म्हणजे धड मिटवून टब सरळ करायला उसंत मिळते. सुपर ग्लूची वाफ काचेवर पांढरी पडते, म्हणून कॅनपीजवळ तो नको. तीन चाकांवर नाक धरून उभं राहणारं विमान असेल तर नाकात वजन आत्ताच घाला. रेझिनच्या भागांचं वजन किटच्या भागांपेक्षा वेगळं असतं, किटमध्ये सांगितलेल्या ग्रॅमवर विसंबू नका.

कधी थांबायचं

भाग अर्धवट ओतला गेलाय, दिसणाऱ्या जागी हवेचा बुडबुडा फुटलाय किंवा एक बाजू दुसरीपेक्षा उघडउघड लहान आहे: करवत लावायच्या आधी फोटो काढून सेटच्या उत्पादकाला लिहा. कापल्यावर तक्रार करायला तोंड राहत नाही.

उजेड कडक पिवळा झाला, तळही संपला आणि तरी फट एक मिमीहून मोठी आहे: स्वतः पुढे जाऊ नका. मोबदला घेऊन मॉडेल बांधणाऱ्या अनुभवी माणसाकडे द्या. अशा वेळी तो तेच टूल तुमच्यापेक्षा जोरात चालवत नाही, टबची साईडवॉल वेगळी करून नव्याने बसवतो. ते काम पहिल्यांदा शिकायला महागाचा सेट नको.

सुपर ग्लूने बोटं चिकटली तर कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून हळूहळू सोडवा, ओढू नका. डोळ्यात गेला किंवा पापण्या चिकटल्या तर ओढून उघडायच्या नाहीत, कोमट पाण्याने धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे. प्रिंट केलेला भाग हाताला चिकट लागला तर ते रेझिन पुरतं पक्कं झालेलं नाही. हातमोजे घाला, आणि त्वचेवर चट्टे उठले तर तो सेट बंद करून डॉक्टरांना दाखवा.

एवढं करून जमलंच नाही तर एक सोपी वाट उरते. किटचा मूळ टब आपल्या जागी बसतोच, त्यावर थ्रीडी डिकलचं (उठावदार डिकलचं) पॅनेल आणि रेझिनची सीट लावली तर बंद कॅनपीतून फरक शोधावा लागतो. म्हणून मूळ टब स्प्रूवरून तोडू नका. धड चिकटून, वाळून, काच बसवून बघेपर्यंत तो तिथेच लटकू द्या.